पारड्यातलं बोट

माझी ३१ वर्षं दुकानदारांचे वजनकाटे तपासण्यात गेली. पारडं करंगळीने हळूच दाबणारा माणूस मी त्याच्या मनगटावरून ओळखायचो. म्हातारपणी आपणच त्या रांगेत जाऊन बसू, असं काही वाटलं नव्हतं.

नात १७ महिन्यांची. परवा तिच्यापुढे चुरमुऱ्यांची प्लॅस्टिकची बरणी ठेवली, झाकण काढून, आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. आधी तिने बाहेरूनच चुरमुरे चिमटीत धरून बघितले. मग हात आत गेला, मूठ भरली आणि मूठ काही बाहेर येईना. ओढून झालं, ओरडून झालं, हातासकट बरणी फरशीवर आपटून झाली. शेवटी रिकामा हात सुटला. ती थबकली. बरणीकडे बघत तिने नुसतंच मनगट उलटं केलं, पुन्हा सुलटं. आणि मग बरणी उपडी! घरभर चुरमुरे.

"दोन मिनिटं चाळीस सेकंद," मी जाहीर केलं.

"कसले दोन-चाळीस? बरणी तुम्ही कलती केलीत, अहो. मी बघत होते ना." ही, ओट्यापाशी उभी राहून.

केली होती. गुडघ्याने. पंचांना नेमकं तेवढंच दिसतं!

पण ते मनगट खरं होतं. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने आपल्या तिन्ही मुलांच्या अशाच नोंदी ठेवल्या होत्या. १९३६ साली त्यांचं पुस्तक झालं. त्याने आगपेटीत साखळी घातली आणि पेटी जेमतेम फट राहील इतकी लावली. त्याची १६ महिन्यांची लेक लुसिएन त्या फटीकडे टक लावून बघत राहिली, स्वतःचं तोंड उघडत-मिटत, दर वेळी जास्त मोठं. मग बोट घालून तिने पेटी ओढली. विचाराला शब्द नव्हते, म्हणून तो तोंडाने केला. आमच्या बाईसाहेब मनगटाने करतात. (लुसिएनपेक्षा एक महिना उशीर, पण बरणी आगपेटीपेक्षा मोठी असते.)

वेळ मोजणं मी सोडलं, ते मानसशास्त्रज्ञांच्या चमच्याच्या प्रयोगामुळे. भरलेला चमचा बाळापुढे ठेवायचा, दांडा कधी डावीकडे, कधी उजवीकडे. ९ महिन्यांचं बाळ सवयीचाच हात पुढे करतं आणि कधीकधी दांडाच तोंडात घालतं. १४ महिन्यांचं बाळही चुकतं, पण वाटेत सावरतं. १९ महिन्यांचं आधी दांडा बघतं, मग हात ठरवतं. चूक कुठे दुरुस्त झाली? तोंडात, वाटेत, की हात उचलण्याआधीच? असलं माप मला पटतं. आमच्याकडे वरणभाताचा चमचा सध्या वाटेत सावरला जातो, निम्मा भात लाळेऱ्यावर.

तेव्हापासून प्रयोगाला बसताना मी दोन्ही हात मांडीखाली घेतो. वहीत दोनच रकाने: 'स्वतः' आणि 'मदतीने'.

काल बरणीचं झाकण घट्ट लावून दिलं. तिने ते दोनदा चावून बघितलं. मग बरणी छातीशी धरून डुलत माझ्यापाशी आली, माझा उजवा हात मनगटाला धरून मांडीखालून ओढून काढला, झाकणावर ठेवला आणि समोर फतकल मारून बसली.

उघडून दिलं. वही घेऊन तासभर बसलो होतो. कुठल्या रकान्यात लिहायचं?