तुम्ही विचारलंत म्हणून: आकडे तेच, मग भांडण कशाचं?

"आकडे तर सगळ्यांसमोर तेच असतात, मग तुम्हा अर्थशास्त्रज्ञांचं एकमत का होत नाही?" हा प्रश्न आला की पाठोपाठ 'त्या एक्सेलच्या चुकी'चा टोमणाही येतोच. तर त्या चुकीबद्दलच सांगते. किस्सा सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातला मुद्द्याचा भाग फारसा कुणी ऐकलेला नसतो.

2010 साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी मांडलं की सरकारी कर्ज जीडीपीच्या (देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या) 90 टक्क्यांपुढे गेलं की विकसित देशांची सरासरी आर्थिक वाढ उणे 0.1 टक्का होते. सरकारी खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्या राजकारण्यांनी अमेरिकेत आणि युरोपात हा निष्कर्ष डोक्यावर घेतला. 2013 मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांचा मूळ एक्सेल तक्ता मागवून घेतला आणि मायकेल अ‍ॅश व रॉबर्ट पोलिन या प्राध्यापकांसोबत हिशोब पुन्हा केला. सरासरी आली 2.2 टक्के. सरासरीचं सूत्र 49व्या ओळीपर्यंत जायला हवं होतं, ते 44व्या ओळीवरच थांबलं होतं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क गळाले. लोकांना हसायला एवढं पुरलं.

पण या गळतीने पडलेला फरक होता जेमतेम 0.3 टक्क्याचा. बाकीचे दोन टक्के कुठून आले, हे कुणी विचारत नाही.

न्यूझीलंड बघा. तिथे 1946 ते 1949 आणि 1951 ही पाच वर्षं कर्ज 90 टक्क्यांच्या वर होतं. त्या वर्षांतली वाढ अनुक्रमे 7.7, 11.9, उणे 9.9, 10.8 आणि उणे 7.6. सरासरी 2.6 च्या आसपास. मूळ हिशोबात पहिली चार वर्षं नव्हतीच, राहिलं एकटं 1951. त्यात पद्धत अशी की आधी प्रत्येक देशाची सरासरी काढायची आणि मग त्या सरासऱ्यांची सरासरी. म्हणजे ब्रिटनची 90 टक्क्यांवरची 19 वर्षं (सरासरी 2.4) आणि न्यूझीलंडचं एक वर्ष, दोघांचं वजन सारखंच. गळतीनंतर या गटात सातच देश उरले होते. उणे 7.6 ला सातने भागा: एका छोट्या देशाच्या एका वर्षाने अख्ख्या गटाची सरासरी टक्क्याहून जास्त खाली ओढली.

यात चूक कोणती आणि निवड कोणती? सूत्र अपुरं राहिलं ही चूक, लेखकांनी ती मान्यही केली. गाळलेल्या वर्षांबद्दल त्यांचं म्हणणं, तेव्हा ती आकडेवारी तपासून झालेली नव्हती. वजनाचं मात्र त्यांनी समर्थन केलं, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. प्रत्येक वर्षाला समान वजन दिलं तर ज्या देशात कर्ज वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलं, त्याचंच पारडं जड होतं. शिवाय ब्रिटनची 19 वर्षं म्हणजे 19 सुटे पुरावे नव्हेत, एका वर्षाची मंदी पुढच्या वर्षात झिरपते. मधला मार्ग निघतो, पण तो कुठून काढायचा हेही माणसालाच ठरवावं लागतं. एक्सेल ते ठरवून देत नाही!

दुरुस्त आकड्यांनीही निकाल लागत नाही, बरं का. 60 ते 90 टक्के कर्जाच्या गटात वाढ 3.2 आहे आणि 90 च्या वर 2.2. घट आहेच, कडेलोट नाही. आणि कर्ज भागिले जीडीपी या गुणोत्तराचा छेद जीडीपीच असल्यामुळे वाढ मंदावली की नवं कर्ज न काढताही गुणोत्तर चढतं. जपानची वाढ 1990 च्या दशकात आधी मंदावली, कर्जाचा डोंगर नंतर उभा राहिला. हर्नडनचा दाखला देणारेही हे सोयीस्करपणे विसरतात.

'डेटा आणि कोड खुले करा, वाद मिटतील' असं मी पूर्वी ठासून सांगायचे. तक्ता हाती आला म्हणून तर हे उघडकीला आलं, ते खरंच. पण अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचं काय? 1 एप्रिल 1992 ला तिथलं किमान वेतन तासाला 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलर झालं. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी फास्ट फूडच्या दुकानांत फोन करून कामगारसंख्या विचारली, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना केली. रोजगार घटलेला दिसला नाही. न्यूमार्क आणि वॉशर या दुसऱ्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दुकानांची पगारपत्रकं मिळवून तोच हिशोब मांडला, तर घट दिसली. मग कार्ड-क्रूगर यांनी रोजगाराच्या सरकारी नोंदी तपासल्या, घट पुन्हा जवळपास गायब. इथे कुणाचंही सूत्र चुकलेलं नव्हतं. फोनवरचा मॅनेजर अंदाजाने सांगतो. पगारपत्रकं ज्यांनी द्यायची ठरवली त्यांचीच मिळतात, आणि यातली काही तर किमान वेतनाला विरोध करणाऱ्या संस्थेने जमवलेली होती.

मग खरं कुणाचं? माझा कल सरकारी नोंदींकडे आहे, कारण त्या मालकांना भराव्याच लागतात, कोण देणार आणि कोण नाही हा प्रश्न येत नाही. पण त्यांत डोकी मोजली जातात, तास नाहीत. मालकाने माणसं तीच ठेवून प्रत्येकाचे तास कापले असतील, तर ते त्या नोंदींत उमटणारच नाही. पगारपत्रकांत तास होते.