तुम्ही विचारलेत म्हणून: बाळ शांत झोपले आहे, मग एवढी घाई कशासाठी?

"बाळ रडत नाही, ताप नाही, शांत झोपले आहे, मग लगेच दाखल कशाला करायचे?" बालरोगतज्ज्ञ म्हणून तातडीच्या विभागात काम करताना हा प्रश्न मला आजी विचारतात, वडील विचारतात, आणि बाळाला न पाहिलेले नातेवाईक फोनवरूनही विचारतात. प्रश्न रास्त आहे, कारण मोठे मूल आजारपणात शांत झोपले की त्याला उतार पडला असेच आपण समजतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे तसे नसते, आणि माझी घाई बहुतेक वेळा त्या शांतपणामुळेच असते.

एवढ्या लहान बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला असो, साखर उतरली असो किंवा हृदयातील जन्मजात दोष डोके वर काढू लागला असो, सुरुवातीला तिन्हींत दिसते ते जवळपास सारखेच: बाळ दूध ओढत नाही, निपचित पडते, हातपाय गार लागतात. संसर्गात ताप येईलच असे नाही. म्हणून ३७.५ अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक तापमान जितके महत्त्वाचे, तितकेच ३५.५ च्या खाली उतरलेलेही महत्त्वाचे. मला स्वतःला गार पडलेल्या बाळाची धास्ती अधिक वाटते.

माझा पहिला प्रश्न आईला असतो: कालपासून पिण्यात काय फरक पडला? किती वेळा पाजले यापेक्षा बाळ दोन घोट घेऊन दमते का, पिताना त्याच्या कपाळावर घाम येतो का, शू कमी झाली का, हे मला हवे असते. उलटी झाली असेल तर तिचा रंग विचारतो. ती हिरवी असेल तर आतड्याला पीळ बसल्याची शक्यता असते, आणि तेव्हा बालशल्यचिकित्सकांना बोलावण्यात क्षणभरही दवडून चालत नाही.

मग दुपटे, टोपडे, झबले सारे काढून बाळाला वॉर्मर या ऊब देणाऱ्या यंत्राखाली ठेवतो आणि हात न लावता घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजतो. नवजात बाळ काही सेकंद श्वास थांबवून पुन्हा भराभर घेते, त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चारने गुणले की फसगत होते. आकडा ६० किंवा त्याहून अधिक आला तर पुन्हा मोजतो. छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का, नाकपुड्या फुलतात का, हेही त्याच मिनिटात दिसते. घरच्यांना झोपेतील वाटणारा बारीक कण्हण्याचा आवाज पुष्कळदा फुप्फुसे उघडी ठेवण्यासाठी बाळाने चालवलेली धडपड असते. हे ओळखायला यंत्र लागत नाही, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील आरोग्यदूतांना आजारी नवजात बाळ ओळखायला शिकवले, आणि त्या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्यानंतर बाळाच्या जांघेत बोट ठेवून नाडी शोधतो. "जन्मल्यावर तर सगळे ठीक होते," असे घरचे सांगतात, आणि ते खरेच असते. गर्भात फुप्फुसाची रोहिणी आणि महारोहिणी, म्हणजे हृदयातून शरीराला रक्त नेणारी मुख्य वाहिनी, यांना जोडणारी एक नळी असते व ती जन्मानंतर काही दिवसांत मिटते. महारोहिणी अरुंद असण्यासारख्या काही दोषांत शरीराच्या खालच्या भागाचे रक्त त्या नळीतूनच येत असते. ती मिटू लागली की आठवडाभर छान पिणारे बाळ काही तासांत राखाडी पडते, आणि हाताची नाडी लागत असताना जांघेतील लागत नाही. अशा वेळी प्रोस्टाग्लँडिनचे औषध शिरेतून सुरू करून नळी उघडी ठेवता येते, म्हणून ती दोन बोटांची तपासणी मी कधीही टाळत नाही.

टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर लगेच पाहतो. पाठीतील पाणी काढायचे म्हटले की घरचे सर्वांत घाबरतात; सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खालून घातली जाते, आणि मेंदूच्या आवरणाला संसर्ग झाला आहे का, हे खात्रीने सांगणारी दुसरी तपासणी नाही. प्रतिजैविके मात्र अहवालाची वाट न पाहता सुरू करतो. कल्चरमध्ये, म्हणजे बाळाचा नमुना प्रयोगशाळेत ठेवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू वाढतात का, हे कळायला साधारण ३६ ते ४८ तास लागतात. तेवढ्यात काही वाढले नाही आणि बाळ पूर्वीसारखे अंगावर पिऊ लागले, तर औषध थांबवून त्याला घरी पाठवतो.