झांबिया: करीबा, 'बॉटम रोड' आणि दिवसाला तीन तास वीज

करीबा तलावाकाठच्या सियावोंगाहून सिनाझोंग्वेला 'बॉटम रोड' या खोऱ्यातल्या कच्च्या रस्त्यानं जायचा बेत असेल तर गाडी ठरवण्याआधी हे वाचा. राजधानी लुसाकातल्या ज्या माणसाकडून आम्ही गाडी भाड्यानं घेतली, त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं, "रस्ता नवा झालाय, दुपारच्या जेवणाला पोचाल, साधी गाडीसुद्धा चालेल." साधी गाडी चालत नाही. आणि दुपारच्या जेवणाचं सोडा, त्या रात्री झोपायलासुद्धा आम्ही सिनाझोंग्वेला नव्हतो. फोर-बाय-फोर आणि दोन स्टेपन्या असतील तरच जा. पहिला मोठा पाऊस पडून गेला असेल तर या रस्त्याचं नावही काढू नका.

आम्ही गेलो 2024 च्या ऑक्टोबरअखेरीस, म्हणजे दुष्काळ अगदी टिपेला असताना. मुंबईहून निघताना झांबियाबद्दल जे वाचलं होतं त्यात हा देश हरित विकासाचा शहाणा विद्यार्थी म्हणून रंगवलेला होता. वीजनिर्मितीची क्षमता ऐंशी टक्क्यांहून जास्त जलविद्युत, धूर नाही, राख नाही, वर तांब्याच्या खाणी, आणि जगाला इलेक्ट्रिक गाड्यांसाठी तांबं हवंच आहे. कागदावर सगळं खरं आहे. फक्त ही वीज येते झांबेझी आणि तिची उपनदी काफुए यांच्या पाण्यातून, आणि त्या वर्षी पाणीच नव्हतं. राष्ट्राध्यक्ष हिचिलेमा यांनी 29 फेब्रुवारी 2024 ला राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली, तेव्हा 22 लाख हेक्टर मक्यापैकी जवळपास 10 लाख हेक्टर करपलेला होता. मार्चमध्ये आठ तासांचं भारनियमन सुरू झालं, आणि सप्टेंबरपर्यंत गाडी अशी उलटी फिरली की दिवसाला तीन तास वीज मिळेल असं सांगण्यात आलं. आपल्याकडे लातूर-बीडचा माणूसही इथं चक्रावेल.

बरं, हा देश आधीच पडलेला होता. कोविडच्या साथीत कर्जाचा हप्ता चुकवणारा आफ्रिकेतला पहिला देश झांबिया, नोव्हेंबर 2020. मग सरकार बदललं, 2022 पासून शाळेची फी माफ झाली, त्याच वर्षी युक्रेनच्या युद्धानं खत आणि इंधन महागलं, तरी 2023 च्या जूनमध्ये पॅरिसला सावकार देशांशी तडजोड झाली. जरा उठून बसतोय म्हणेपर्यंत एल निन्यो आला. हे इथं सांगायचं कारण असं की तिथं तुम्हाला प्रत्येक गोष्ट महाग का पडते आणि प्रत्येक जण चार पैसे जास्त का मागतो, ते यातून कळतं. मान्य करायचं की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं. मी टॅक्सीवाल्यांशी भांडलो नाही, हॉटेलवाल्यांशी मात्र भांडलो.

लुसाकातल्या लॉजवाल्यांची भानगड अशी. जाहिरातीत '24 तास वीज'. पोचल्यावर कळतं की ती जनरेटरची, संध्याकाळी सहा ते दहा. आणि निघताना बिलात 'डिझेल' म्हणून वेगळी ओळ, खोलीच्या भाड्याच्या जवळपास चौथा हिस्सा. बुकिंगच्या वेळी चकार शब्द नाही. तेव्हा आधीच लेखी विचारा: इन्व्हर्टर आहे का, सोलर आहे का, आणि डिझेलचे पैसे भाड्यात धरलेत का. सोलर असलेल्या जागी दोन पैसे जास्त द्या, रात्री झोप लागते. जनरेटरवाल्या जागी खिडकी उघडली तर धूर, बंद केली तर उकाडा. 'हरित' देशाच्या राजधानीत मी एवढं डिझेल हुंगलं की पुण्यातला लक्ष्मी रोड शुद्ध वाटावा.

वीज नसली की कार्डाचं यंत्र बंद, एटीएम बंद, बऱ्याचदा मोबाइलचा टॉवरही बंद. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय तिथं आपल्या यूपीआयइतकीच रुळलेली आहे, पण टॉवर गेला की तीही गेली. लुसाका सोडताना रोख क्वाचा, म्हणजे तिथलं चलन, घेऊन निघा. आम्ही होतो तेव्हा एक क्वाचा साधारण सव्वातीन रुपयांच्या आसपास पडत होता आणि पेट्रोल लिटरला तीस क्वाचांच्या पुढे. पंप दिसला की टाकी भरा, अर्धी असली तरी.

काफुएवरून चिरुंडूकडे उतरणारा घाट अवजड ट्रकांनी भरलेला असतो. ब्रेक तापल्याचा वास येत राहतो आणि कडेला एखाद-दुसरा ट्रक आडवा पडलेला दिसतोच. सकाळी लवकर उतरा. अंधारात नाही म्हणजे नाही. चिरुंडूच्या अलीकडे उजवीकडे सियावोंगाचा फाटा. सियावोंगा छान आहे, तलाव, बोटी, मासे, दोन दिवस आराम. त्यावर अजून काय लिहायचं!

झांबेझीवरच्या करीबा धरणाची भिंत मात्र पाहाच. झांबियाच्या इमिग्रेशनवर सांगून, पासपोर्ट ठेवून भिंतीवर चालत जाता येतं. अर्ध्यावर झिम्बाब्वे सुरू होतो. 128 मीटर उंच, 617 मीटर लांब, 1959 ला पूर्ण झालेली कमान. साठवण क्षमतेच्या हिशेबानं हा जगातला सगळ्यात मोठा कृत्रिम जलाशय. आम्ही भिंतीवर उभे होतो तेव्हा काठाच्या खडकावर पांढरट पट्टा दिसत होता, इतका रुंद की आधी वाटलं खाणकाम चाललंय. तो पाण्याचा जुना काठ. वीज काढण्यासाठी पातळी 475.50 मीटरच्या वर लागते, पूर्ण भरलेला तलाव 488.50. आम्ही होतो तेव्हा पाणी त्या खालच्या रेषेच्या जेमतेम वर होतं. झांबियाच्या बाजूच्या 1080 मेगावॉटच्या वीजघरात त्यातलं किती चालू असेल, हे बाहेरच्या शांततेवरून कळत होतं. भिंतीवरच्या पहारेकऱ्याला विचारलं, पाऊस आला की भरेल ना? तो हसला. इथल्या पावसानं हा तलाव भरत नाही, पाणी वरून, अंगोला आणि वायव्य झांबियातून येतं, आणि पूर उतरायला मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणजे नोव्हेंबरात पावसाचे फोटो बघून 'आता वीज आली असेल' म्हणून तिकीट काढू नका.

कोयनेकाठच्या कुणालाही करीबा ओळखीचं वाटेल. धरण भरल्यावर 1963 ला इथंही मोठा भूकंप झाला. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचा विषय निघाला की करीबा आणि कोयना ही नावं एकापाठोपाठ येतात. आणि विस्थापित तर आहेतच. दोन्ही काठचे मिळून इथल्या टोंगा जमातीचे सुमारे 57,000 लोक उठवले गेले. सप्टेंबर 1958 मध्ये चिपेपो या टोंगा सरदाराच्या माणसांनी हलायला नकार दिला तेव्हा गोळीबारात आठ जण मेले, आणि उरलेल्यांना ट्रकमध्ये घालून लुसिटूला आणून टाकलं. लुसिटूला नदीकाठची काळी जमीन नाही, पाणी नाही. पाटण तालुक्यातले धरणग्रस्त अजून मोर्चे काढतात, त्यामुळे मला ही गोष्ट परदेशी वाटली नाही.

बॉटम रोड याच लुसिटूच्या बाजूनं सुरू होतो.

पहिले काही किलोमीटर खरंच बरे आहेत, मुरूम दाबलेला, आणि तिथंच माणूस फसतो. लुसाकातल्या गाडीवाल्यानं बहुधा एवढाच भाग पाहिला असावा. पुढे मुरूम वाहून गेलेला, उरलाय तो उघडा दगड, फुटबॉलएवढे गोटे, आणि दर थोड्या अंतरावर कोरड्या नदीचं पात्र. या पात्रांवर काँक्रीटच्या फरशा टाकल्या होत्या कधीतरी, त्यातल्या काही पुरात तुटून एका बाजूला कलंडल्यात. गाडी आधी काठावरून खाली घसरते, मग वाळूत रुतते, मग समोरच्या काठावर चढताना मागचा बंपर दगडाला लागतो. प्रत्येक वेळी एकानं उतरून पुढे चालत जाऊन रस्ता बघायचा. ऊन असं की दाराचं हँडल धरवत नाही. चौथ्या की पाचव्या पात्रात टायरच्या बाजूला चीर गेली. बाजूची चीर म्हणजे पंक्चर नव्हे, तो टायर गेला. दोन स्टेपन्या म्हणतोय ते उगाच नाही. एक लावल्यावर उरलेला रस्ता आम्ही श्वास रोखून चाललो. आणि गाडीवाल्यानं परत आल्यावर टायरचे पैसे डॉलरमध्ये मागितले, बाजारभावाच्या दुपटीहून जास्त. 'रस्ता नवा झालाय' म्हणणारा हाच माणूस! करारात टायर आणि काच यांचं काय ते निघण्याआधी लिहून घ्या, नसेल तर दुसरा गाडीवाला बघा.

टायर बदलत होतो त्या पात्रात बायका पाणी भरत होत्या. वाळूत छातीएवढा खोल झिरा खणलेला, तळाशी एक मुलगी उतरलेली, तुटक्या प्लास्टिकच्या मगानं पाणी गोळा करून वर पिवळ्या डब्यात ओतत होती. एक मग भरायला बराच वेळ लागत होता, कारण पाणी झिरपेपर्यंत थांबावं लागे. डोंगरापलीकडे जगातला सगळ्यात मोठा कृत्रिम जलाशय. काठावर एका झोपडीच्या पत्र्यावर वहीच्या पानाएवढं सोलर पॅनेल, खाली पाटावर सात-आठ फोन चार्जिंगला, फोनमागे दोन क्वाचा. आमचाही लावला. लुसाकाच्या लॉजपेक्षा हा सौदा चोख होता, आणि डिझेलची वेगळी ओळ नव्हती.

अंधार पडायच्या आत मुन्युम्ब्वेला पोचलो आणि तिथंच एका साध्या विश्रामगृहात पथारी टाकली. शिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, कापेन्टा म्हणजे बोटभर सुके मासे, आणि शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी. शाकाहारी लोक शिमा आणि ती भाजी यावर आरामात राहतील. गाडीची अवस्था बिघडली असेल तर इथून पुढे जाऊ नका, वर ग्वेम्बेमार्गे चिसेकेसीला चढून हमरस्ता गाठा. आम्ही हट्टानं पुढे गेलो. पुढचा टप्पा आदल्या दिवसाहून थोडा बरा, पण 'थोडाच'. मच्छरदाणी आणि मलेरियाच्या गोळ्या या खोऱ्यात ऐच्छिक नाहीत.

सिनाझोंग्वेच्या पुढे माम्बा लागतं आणि एकदम डांबर लागतं. का? कोळसा. इथं 300 मेगावॉटचं कोळशावरचं वीज केंद्र आहे, मालकी बहुतांशी हैदराबादच्या नवा लिमिटेडकडे (पूर्वीचं नवभारत व्हेंचर्स). धरणं आटली तेव्हा देशाला जी काही खात्रीची वीज मिळत होती त्यात याचा मोठा वाटा होता, आणि त्यानंतर तितकंच आणखी एक केंद्र उभारायला घेतलं. हवामानाच्या परिषदांमध्ये झांबियाला कोळशावरून कुणी बोल लावला तर मी त्या माणसाला झिऱ्यापाशी नेऊन उभा करीन. एकाच नदीवर सगळा भार टाकायला कर्ज देणारेही याच बोल लावणाऱ्यांतले होते. करीबासाठी जागतिक बँकेनं 1956 ला 8 कोटी डॉलर दिले, तेव्हाचं ते तिचं सगळ्यात मोठं कर्ज. सोलर उशिरा आलं. लुसाकाजवळचे पहिले मोठे प्रकल्प 2019 चे, आणि तहान लागल्यावर विहीर खणावी तसं आता पत्र्यापत्र्यावर पॅनेल चढतंय. तेवढ्यात लोकांनी स्वयंपाकाला कोळसा, म्हणजे लाकडी कोळसा, आणखीच जाळायला सुरुवात केली. बाटोकाहून चोमापर्यंत हमरस्त्याच्या कडेला पोत्यांच्या रांगा, तोंडाला पाला खोचून शिवलेल्या. जंगल त्याच पोत्यांतून शहरात चाललंय. विकत घेऊ नका असं सांगणं सोपं आहे, पण ढाब्यावर शिमा शिजते त्याच्यावरच.

चोमा ते लिव्हिंग्स्टन हमरस्ता आहे म्हणून निर्धास्त राहू नका, काही टप्प्यांत खड्डे असे की ट्रक डांबर सोडून कडेच्या मातीतून चालतात. रात्री गाडी चालवणं बंद.

आणि धबधबा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात झांबियाच्या बाजूनं व्हिक्टोरिया फॉल्स बघायला वीस डॉलर देऊ नका. या बाजूला तेव्हा कोरडा काळा कडा असतो. दर वर्षीच पाणी कमी असतं, त्यातून इथल्या 108 मेगावॉटच्या वीजघरालाही वरूनच पाणी वळवतात, आणि दुष्काळात उरतं ते शून्य. फोटो दाखवून तिकीट विकणारे हे सांगत नाहीत. 1708 मीटर रुंद कड्यावर आम्ही पाण्याच्या दोन-चार दोऱ्या शोधत होतो. पाणी बघायचं असेल तर पूल ओलांडून झिम्बाब्वेच्या बाजूला जा, पन्नास डॉलर पडतात पण पैसे वसूल होतात. दोन्ही देशांचा मिळून एकच 'काझा' व्हिसा असतो, तो तुम्हाला मिळत असेल तर ये-जा करता येते. सीमेवरच्या टॅक्सीवाल्याचा पहिला आकडा निम्म्यावर येतो, अंतर इतकं कमी आहे की पाठीवर ओझं नसेल तर चालतच जा. तांब्याची कडी विकणारी पोरं पुलावर चिकटतात, कडं बहुधा तांब्याचं असतं, किंमत तेवढी नसते.

एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर हेच उलटं: झांबियाची बाजू घ्या, रेनकोट घ्या, आणि बॉटम रोडचं तर तेव्हा बोलूच नका, नद्या वाहत असतील. मुंबईहून अदिस अबाबामार्गे जाताना तिथं बारा तासांहून जास्त थांबा असेल तर पीतज्वराच्या लशीचं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते.