पाने भिंतीला, नट वाटीत: चुंबकांवर लावलेलं मागदुरुस्तीचं वर्कशॉप (माझा अनुभव)

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला यंत्रमागांची किरकोळ दुरुस्ती करणारी जी लहान वर्कशॉपं आहेत, त्यांतलंच हे एक. जागा छोटी, वर पत्रा, एका भिंतीला बेंच. पाने (स्पॅनर) खिळ्यांना टांगलेले आणि नटबोल्ट ऑइलच्या कापलेल्या डब्यांत, ही नेहमीची मांडणी बदलून जे जमतं ते चुंबकांवर घेतलं. कोणतं सामान लागलं, माप काय धरलं, काय टिकतं आणि काय चुंबकाजवळसुद्धा नेऊ नये, ते लिहितो.

आधी ताकदीचा हिशोब, कारण सगळा घोळ तिथेच होतो. २० मिमी व्यासाचा, ३ मिमी जाडीचा एन३५ (ही चुंबकाच्या ताकदीची प्रत) निओडिमियम चुंबक साधारण तीन-साडेतीन किलो धरतो असं सांगतात. ते खरं आहे, पण जाड, सपाट, स्वच्छ लोखंडाला पूर्ण टेकवून सरळ ओढला तर. भिंतीवरचा पाना सरळ ओढला जात नाही, तो खाली घसरतो. घसरण्याच्या दिशेने धरायला फक्त घर्षण असतं आणि निकेलच्या गुळगुळीत मुलाम्यावर ते साडेतीन किलोतलं जेमतेम पाचवा हिस्सा देतं, म्हणजे सातशे ग्रॅम. १२ इंची स्क्रू पाना तेवढ्याच वजनाचा असतो. वर त्याची दांडी गोलसर, म्हणजे टेकते ती एका रेघेपुरती. संध्याकाळी लावलेला पाना सकाळी जमिनीवर सापडतो तो याच कारणाने, चुंबक 'उतरला' म्हणून नाही.

दुसरी गोष्ट फट. मध्ये एक मिलीमीटर लाकूड, रबर किंवा हवा आली की ओढ निम्म्याच्या आसपास येते, तीन मिलीमीटरला तर पाव हिस्साही उरत नाही. तिसरी गोष्ट समोरच्या लोखंडाची जाडी. कपाटाचा पातळ पत्रा चुंबकाचं सगळं चुंबकीय क्षेत्र पोटात घेऊ शकत नाही, म्हणून तोच चुंबक ३ मिमी पट्टीला घट्ट बसतो आणि कपाटाच्या दाराला सैल वाटतो. दुकानात कपाटावर लावून परीक्षा घेऊ नका, खिशात पट्टीचा तुकडा ठेवा.

यावरून मी एकच नियम धरला: वजन लाकडाने पेलायचं, चुंबकाने फक्त सोबत धरायचं. पान्यांच्या खाली फळी, मागे चुंबकाची पट्टी. पाने फळीवर उभे राहतात, चुंबक त्यांना पुढे पडू देत नाही. अशा मांडणीत साधा एन३५ पुरतो, महागड्या एन५२ ची गरज पडत नाही.

६०० मिमी लांबीच्या एका पट्टीचं सामान असं: ४० बाय ३ मिमी एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) पट्टी, वजन अर्धा किलोच्या थोडं वर. ३ मिमी एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीची) तेवढीच पट्टी. २० बाय ३ मिमीचे १४ चुंबक. मागे लावायला १२ मिमी प्लाय. सायकलची जुनी ट्यूब आणि पंक्चरचं सुलेशन. अ‍ॅरल्डाइट, पण पाच मिनिटांत धरणारं नको, साधं सावकाश धरणारं घ्या.

एमडीएफमध्ये २० मिमीच्या होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) भोकं पाडायची. पहिल्या भोकाचं केंद्र टोकापासून ४० मिमीवर, पुढे प्रत्येकी ४० मिमी. अशी बरोबर चौदा बसतात आणि शेवटचं दुसऱ्या टोकापासून ४० वर येतं. भोकं आधी, पट्टीची रुंदी नंतर कापायची. उलट केलं तर ४० मिमीच्या अरुंद पट्टीत सॉ अडकतो आणि एमडीएफ कडेने फाटतं. खाली टाकाऊ फळी ठेवून क्लॅम्प मारला की पलीकडची कडा उखडत नाही. स्क्रूची भोकं दोन्ही टोकांपासून १५ मिमीवर आणि एक बरोबर मध्ये ३०० वर. तिथे दोन चुंबकांच्या मध्ये २० मिमी मोकळी जागा मिळते, ६ मिमीचा स्क्रू आरामात जातो.

चुंबक बसवण्याआधी सगळे एकावर एक चिकटवून चळत करा आणि प्रत्येकाच्या वरच्या तोंडाला मार्करने ठिपका द्या. बसवताना एक ठिपका वर, पुढचा ठिपका खाली. शेजारचे ध्रुव उलटसुलट असले की एका चुंबकातून निघालेलं क्षेत्र पान्याच्या लोखंडातून लगेच शेजारच्यात उतरतं, मागची एमएस पट्टी पलीकडची वाट पुरी करते. पाठीला लोखंड आलं की पातळ चुंबक जवळजवळ दुप्पट जाडीच्या चुंबकासारखा वागतो. नुसत्या लाकडात बसवलेले आणि पट्टीवर बसवलेले यांतला फरक हाताला लगेच कळतो.

चिकटवण्याआधी चुंबकाची मागची बाजू १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, पट्टीवरचं ऑइल थिनरने पुसा. चकचकीत निकेलवर अ‍ॅरल्डाइट वरवर धरतं आणि पाना जोरात ओढला की चुंबक पान्याबरोबर हातात येतो. फेविक्विकने लावलेले तर आपटल्यावर सुटतातच, ते कडक आणि ठिसूळ होतं. एमडीएफची चौकट चुंबकाला सरकू देत नाही, म्हणून गोंदावर सगळा भार राहत नाही. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. तेवढ्या उष्णतेत हे साधे गोंद मऊ पडायला लागतात. सकाळी लावलेलं संध्याकाळी धरल्यासारखं वाटलं तरी एक रात्र जाऊ द्यावी.

उष्णतेचं आणखी एक. साध्या निओडिमियमला ८० अंशांची मर्यादा असते आणि पातळ चकत्या त्याच्याही आधी थोड्या कमजोर होतात. कमजोर झालेला चुंबक थंड झाल्यावर पूर्ण परत येत नाही. म्हणून पश्चिमेचं ऊन खाणाऱ्या पत्र्याच्या भिंतीला आणि वेल्डिंगच्या टेबलाजवळ ही पट्टी नको. तिथे काळे फेराइट चुंबक लावा. ओढ कमी, पण अडीचशे अंशांपर्यंत त्यांना काही होत नाही आणि गंजतही नाहीत.

वरून सायकलची ट्यूब उभी चिरून ताणून लावली आणि फक्त कडांना सुलेशन दिलं. ट्यूबमुळे फट पडते आणि ओढ घटते हे खरं, पण रबरावर घर्षण इतकं वाढतं की पाना घसरायचं थांबतो. शिवाय निओडिमियम काचेसारखा तडकतो. लोखंड थेट त्यावर आपटत राहिलं तर कडेची कपची उडते आणि मुलामा गेला की आतून गंज धरतो. मागाच्या ऑइलने ट्यूब फुगते, म्हणून पाना पुसून ठेवण्याची सवय लागते. सुताची धूळ रबरावर बसते ती ओल्या फडक्याने जाते.

अशा दोन पट्ट्या लावल्या. तळाला ४० मिमी खोल फळी, तिच्या वर ६० मिमीवर पहिल्या पट्टीचा मध्य आणि १६० वर दुसरीचा. लहान पाने खालच्या पट्टीला, मोठे दोन्हींना टेकतात. पट्टीमागची १२ मिमी प्लाय शोभेसाठी नाही. पान्याची तोंडं दांडीपेक्षा जाड असतात. पट्टी भिंतीला सपाट असेल तर तोंडं आधी भिंतीला टेकतात आणि दांडी चुंबकापासून उचललेली राहते. रिंग पान्यांचं आणखी वेगळं. त्यांची दोन्ही तोंडं एकाच बाजूला वाकलेली असतात. वाकण आपल्याकडे करून ठेवला तर दांडी पट्टीवर सपाट बसते, भिंतीकडे केला तर पाना एका टोकावर झुलतो. पक्कड नेहमी जबड्याने लावायची, रबरी मुठी लावून उपयोग नाही. हातोडी आणि पाइप पाना मात्र हुकालाच. दीड किलोचं हत्यार डोक्याच्या उंचीवर चुंबकाच्या भरवशावर ठेवण्यात काही अर्थ नाही.

आता बारीक सामान. माग उघडल्यावर निघालेले नट, वायसर, ग्रब स्क्रू ठेवायला तयार मॅग्नेटिक डिश मिळते, पण घरची चांगली होते. जुन्या स्पीकरचा फेराइट रिंग चुंबक आणि स्टीलची पसरट वाटी. वाटी चुंबकाला न चिकटणारी हवी. बोहारणीकडे किंवा भांड्याच्या दुकानात जाताना चुंबक घेऊन जा, पुष्कळसं स्टील चिकटत नाही आणि आपल्याला तेच पाहिजे. चिकटणाऱ्या वाटीत क्षेत्र वाटीच्याच बुडातून फिरून परत जातं, वर नटापर्यंत कमी पोचतं. जर्मनची वाटीही चालते, पण लवकर चेपते. रिंग खालून चिकटवायची आणि तिच्याखाली पुन्हा ट्यूबचा तुकडा. मागाच्या बिडाच्या फ्रेमवर ही वाटी तिरकीसुद्धा बसते, नट सांडत नाहीत. पितळी वायसर आणि बुश मात्र त्यात टाकू नका. ते मोकळेच राहतात आणि वाटी उलटी केली की तेवढेच हरवतात.

साठ्यासाठी बरण्या: शेल्फच्या खालून एमएस पट्टी, मधाच्या किंवा लोणच्याच्या पत्र्याच्या झाकणाच्या बरण्या तिला लटकवलेल्या. झाकण पत्र्याचं, पट्टी लोखंडाची, मध्ये झाकणाला वरून चिकटवलेला चुंबक. इथे ओढ सरळ खाली असते म्हणून चुंबकाची पूर्ण ताकद मिळते, तरी एका बरणीला दोन चुंबक देतो. एम८ चा (८ मिमी बोल्टचा) नट पाच-साडेपाच ग्रॅमचा, शंभर नट म्हणजे अर्धा किलो, त्यात काचेची बरणी. प्लॅस्टिकची घेतली तर डोक्यावर पडली तरी निभावतं.

आता चुंबकाजवळ नेऊ नयेत अशा वस्तू. मागदुरुस्तीत ही यादी महत्त्वाची. उभं सूत तुटलं की माग थांबवणाऱ्या ज्या ड्रॉपर पिना असतात, त्या कडक स्प्रिंग स्टीलच्या. एकदा चुंबकाला लागल्या की स्वतःच थोड्या चुंबक होतात. मग शेजारच्या दोन पिना एकमेकींना धरून राहतात, सूत तुटलं तरी पीन खाली पडत नाही, माग चालूच राहतो आणि कापडात दोष जातो. पिनांचा झुपका दिसायला अगदी ठीक असतो. बोटाने एक उचलली आणि शेजारची तिच्याबरोबर उचलली गेली, तर त्या चुंबकावलेल्या आहेत. पिना आणि लोखंडी वयीच्या (उभं सूत ज्यांतून ओवतात त्या) तारा प्लॅस्टिकच्या डब्यात, पट्टीपासून लांब.

बेअरिंगचंही तेच. छर्रे चुंबकावले की लोखंडाचा बारीक कीस आत ओढून धरतात आणि धावपट्टी खराब करतात. बेअरिंग वेष्टणातच राहू द्या. ड्रिल बिट आणि आटे पाडायचे टॅप एचएसएसचे (हाय स्पीड स्टीलचे), तेही चुंबकत्व धरून ठेवतात. भोकातला कीस बिटाला चिकटून बसतो, टॅप आत तुंबतो. त्यांना भोकं पाडलेला लाकडी ठोकळा बरा. डायल गेज आणि व्हर्निअर ही मापाची हत्यारं दूरच. एलन की आणि स्क्रू ड्रायव्हर थोडे चुंबकावले तर उलट सोय होते, स्क्रू टोकाला धरून राहतो. साध्या एमएसचे नटबोल्ट चुंबकावरून काढले की बहुतेक मोकळे होतात.

चुंबकावलेली वस्तू सोडवायला टीव्हीवाल्यांकडची जुनी डिगॉसिंग कॉइल उत्तम. कॉइल चालू करायची, वस्तू आतून न्यायची आणि सावकाश हातभर लांब आणायची, मगच बटण बंद. वस्तू आत असताना बंद केलं तर त्या क्षणाचं चुंबकत्व तसंच गोठतं आणि काम उलटं होतं. कॉइल लगेच तापते, म्हणून काही सेकंदच चालवायची. पिना एकेक नाही, मूठभर सुट्या करून नेल्या तरी चालतात, बांधलेला झुपका मात्र नीट उतरत नाही.

जुन्या हार्ड डिस्कचे चुंबक मिळाले तर सोडू नका. टॉर्क्स बिटाने झाकण उघडलं की लोखंडी तुकड्यावर बसलेले दोन वाकडे चुंबक निघतात, ओढ या चकत्यांपेक्षा बरीच जास्त. ते त्या तुकड्यावरून उपटू नका. त्यालाच बहुधा स्क्रूची भोकं असतात, तसेच लाकडाला ठोका. उपटायला पेचकस घातला की मुलामा सोलतो, तुकडे डोळ्यांकडे उडतात. असे दोन चुंबक समोरासमोर आले की बोटाची कातडी चिमटते. सुटे करायचे तर ओढून नाही, बाजूला सरकवून. पेसमेकर असलेल्या माणसाने वीतभर अंतर ठेवावं. लहान मुलं वर्कशॉपमध्ये येत असतील तर सुट्या चकत्या कुलपात. दोन चकत्या पोटात गेल्या तर आतड्याला मधे धरून भोक पाडतात, तिथे वाट न बघता दवाखाना गाठायचा.

ग्राइंडरचा बुरा पट्टीवर बसतोच. हवेच्या पाइपने तो जात नाही, नुसता सरकतो. चिकटपट्टी उलटी दाबून ओढली की निघतो. जमिनीवरचा कीस गोळा करायचा तर चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवायचा, कचऱ्याच्या डब्यावर पिशवी उलटी करत चुंबक बाहेर काढायचा. कीस पिशवीसकट डब्यात जातो.