सोळा एमबी, तरी जागा नाही

"अगं, १६ एमबी रॅम आहे यात. मग जागा गेली कुठे?"

नारायण पेठेत काकांच्या बाइंडिंगच्या दुकानात आज हा प्रश्न ऐकला. जुना पीसी हार्ड डिस्कवरून बूट होत नाही, म्हणून फ्लॉपी घालून डॉस ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करायची. उधारीचा प्रोग्रॅम उघडला की 'प्रोग्रॅम टू बिग टू फिट इन मेमरी'.

काकांचं चुकत नव्हतं. पण डॉसचे साधे प्रोग्रॅम पहिल्या ६४० केबीतच चालतात, बाकीची रॅम असून नसल्यासारखी. मेमरी कुणी किती घेतलीय ते दाखवणारी 'मेम /सी' ही कमांड दिली, तर त्यातही मोकळे ५२८ केबीच. फ्लॉपीवरच्या कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सुरू होताना डॉस वाचतो त्या सूचनांमध्ये, हायमेमची ओळच नव्हती; वरची रॅम वापरू देणारा ड्रायव्हर तो. डॉस स्वतःच खालच्या ६४० केबीत ऐसपैस बसलेला, शेजारी सीडीचा ड्रायव्हर. सीडी तर तिथे कुणी लावतही नाही.

हायमेम फ्लॉपीवर टाकलं, 'डॉस=हाय' लिहून डॉसला वर हलवलं, सीडीच्या ओळी पुढे 'रेम' लिहून बंद केल्या. आता मोकळे ६१२ केबी. उघडला!

काका उधारी बघत बसले नाहीत. आधी सगळ्या ओळी वहीत उतरवल्या, मला वाचून दाखवल्या. "मी नसलो तर मुलाला कळायला हवं."

घरी आल्यापासून तेच वाक्य मनात आहे. पुण्यात अशा किती दुकानांचे हिशेब एकाच फ्लॉपीवर अडकलेले असतील? तुमच्या ओळखीत कुणी असेल, तर तिची प्रत काढलीय का त्यांनी?