आई म्हणाली, नशिबातच होतं

मागच्या महिन्यात आई कोल्हापूरहून रात्रीच्या एसटीने आली, पहाटे स्वारगेटला घ्यायला येतो असं मी कबूल केलं होतं आणि मग दोन वाजेपर्यंत मोबाईल बघत बसलो, तो सायलेंटवर ठेवूनच झोपलो. उठलो तर अकरा मिस्ड कॉल. तासभर वाट बघून ती बॅग घेऊन एकटीच रिक्षा बघायला निघाली, ओल्या फुटपाथवर पाय घसरला, उजवं मनगट फ्रॅक्चर.

प्लास्टर घालून झाल्यावर मलाच म्हणाली, "तू नको लावून घेऊ मनाला, माझ्या नशिबातच होतं."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं ना, पण उलट जास्तच लागलं.

समजा खरंच सगळं आधीच ठरलेलं असतं, नशीब म्हणा नाहीतर मेंदूतली केमिस्ट्री म्हणा, माझा स्वभाव, जागायची सवय, सगळं मागच्या कारणांमधूनच आलेलं. तरी चूक माझीच. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं, गोळी देऊन झोपवलं नव्हतं. मोबाईल बघत बसणं मलाच हवं होतं, आणि त्या हवंसं वाटण्यामागे हजार कारणं असली म्हणून ते दुसऱ्या कोणाचं होत नाही.

पीटर स्ट्रॉसन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९६२ साली मांडलं होतं की राग धरणं, उपकार मानणं, माफ करणं हे सगळं आपण समोरच्याला माणूस मानतो म्हणून होतं, ते काढून घेतलं की तो नुसता सांभाळायचा, उपचार करायचा विषय उरतो. मला नेमकं तेच झोंबलं. आईने माफ केलं असतं तर गोष्ट वेगळी, माफ करायला आधी चूक माझी धरावी लागते. नशीब म्हटलं की मी आणि तो ओला फुटपाथ एकाच रांगेत.

गीतेच्या अठराव्या अध्यायात ६०व्या श्लोकात कृष्ण म्हणतो, तू स्वभावाने बांधलेला आहेस, नको म्हणालास तरी करशीलच. आणि लगेच ६३व्यात, पूर्ण विचार कर आणि इच्छा असेल तसं कर! लहानपणी पाठ केलेलं, पण हे दोन्ही इतके जवळ आहेत हे आत्ता लक्षात आलं. मला त्यात विरोध दिसत नाही. अर्जुनाने विचार करणं हीसुद्धा त्या साखळीतलीच एक कडी आहे की.

परवा तिला पोळीचे तुकडे करून देताना म्हटलं, आई, नशीब नको गं म्हणूस, मला बोल.

जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अलार्म लावायला काय झालं होतं रे तुला? तासभर पावसात उभी होते मी, येणारी प्रत्येक गाडी तुझीच वाटत होती."