चाळीस फुटी दार, छत्तीस फुटी पंख

पुण्यात स्वतःचं छोटं विमान घेणाऱ्याची पहिली अडचण असते जागेची. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. नागरी वाहतूक तिथे ठरवून दिलेल्या वेळात चालते आणि चार आसनी विमानाला वर्षभर छताखाली जागा मिळेल, हे धरून चालता येत नाही. हडपसरचं मैदान ग्लायडरचं. त्यामुळे शोध बारामतीच्या बाजूला किंवा त्याहून लांब जातो. अशाच एका धावपट्टीवरच्या हँगरचा, म्हणजे विमान ठेवायच्या शेडचा, करार करायला जूनच्या पहिल्या आठवड्यात एक विमानमालक निघाले होते. विमान सेस्ना 172 एस. त्याची देखभाल माझ्याकडे, म्हणून सही करण्याआधी जागा पाहायला मी सोबत गेलो. विमान बाहेर एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या फरशीवर, बांधून ठेवलेलं होतं, तेव्हा त्याच दिवशी ते आत घालून बघायचं ठरवलं. जागा नुसती डोळ्यांनी पाहून घेण्यावर माझा विश्वास नाही.

करारनाम्यात लिहिलं होतं, 'दाराची रुंदी 40 फूट'. सेस्नाचा पंखविस्तार 36 फूट 1 इंच, म्हणजे 11 मीटर. कागदावर जवळजवळ चार फुटांची मोकळीक दिसते. मी टेप लावला. खांबापासून खांबापर्यंत 12.20 मीटर भरले, म्हणजे लिहिलेलं खोटं नव्हतं. पण सरकत्या दाराच्या पाळ्या, म्हणजे झडपा, पूर्ण उघडल्यावर काय उरतं, ते वेगळं मोजावं लागतं. बाहेरून पाहताना डावीकडची पाळी 60 सेंटिमीटर आधीच अडकत होती, कारण खालचा रूळ वाकला होता. उजव्या खांबावर कडी-कोयंड्याचा कोन 15 सेंटिमीटर आत आलेला. खरी मोकळी जागा उरली 11.45 मीटर.

तरी विमान बसतंच, असं हँगरच्या मुकादमाचं म्हणणं. बसतं, पण जमिनीवरच्या पिवळ्या रेघेवरून नाही. ती रेघ दोन्ही खांबांच्या बरोबर मध्ये आखलेली होती. मध्यापासून डावा खांब 6.10 मीटर, त्यातून 60 सेंटिमीटर गेले की 5.50 उरतात. सेस्नाचा एक पंख मध्यापासून नेमका 5.50 मीटर. या रेघेवर नाकाचं चाक ठेवून विमान शेपटीकडून आत ढकललं असतं, तर उजव्या पंखाच्या टोकावरचा हिरवा दिवा पाळीच्या पत्र्याला घासत गेला असता, आणि दुसऱ्या बाजूला 45 सेंटिमीटर मोकळे राहिले असते. मी खडूनं 22 सेंटिमीटर उजवीकडे नवी रेघ मारली. आता दोन्ही टोकांना साधारण एक वीत. एवढ्यात रोज विमान काढता-घालता येतं, पण त्याला टोबारवर (नाकाच्या चाकाला लावून विमान ओढायच्या दांड्यावर) एक आणि पंखांच्या दोन टोकांना दोन, अशी तीन माणसं लागतात.

ढकलण्याबद्दल काही गोष्टी तिथल्या पोरांना आधी सांगाव्या लागल्या. रडरला, म्हणजे शेपटीच्या उभ्या सुकाणूला, कुलूप लावलेलं असेल तर ते काढल्याशिवाय टोबार हलवायचा नाही. नाकाचं चाक मधल्या रेषेपासून 30 अंशांपलीकडे वळवायचं नाही, नाहीतर स्टिअरिंगची जोडणी मोडते. नाक उचलायचं असेल तर आडव्या शेपटीवर हात नको. तिच्या पुढे, बॉडीच्या आतल्या फ्रेमवर दाब द्यायचा. एक मुलगा प्रॉपला, म्हणजे पुढच्या पंख्याला, धरून ओढायला निघाला, त्याला थांबवलं. स्विच बंद असला तरी मॅग्नेटोची (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राची) अर्थिंग तुटलेली असेल तर प्रॉप फिरवताच इंजिन सुरू होऊ शकतं.

विमान आत गेलं आणि साडेतीनच्या सुमारास पूर्वेकडून आभाळ भरून आलं. वळीव. हँगरचं तोंड पूर्वेला. नैर्ऋत्य मोसमी पावसात हे चांगलं, कारण वारा पाठीमागून येतो. वळवाचा पाऊस मात्र पुण्याच्या भागात बहुतेक वेळा पूर्वेकडूनच चढतो, म्हणजे थेट दारातून. आम्ही पाळ्या ओढल्या. डावी पाळी आली, पण तिची खालची कडी जमिनीतल्या भोकापर्यंत पोहोचेना. वाकलेल्या रुळामुळे पाळी तीन बोटं वर राहत होती. वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी अख्खी पाळी वरच्या रोलरवर लोंबकळून आत-बाहेर हलायला लागली.

इथे घाबरण्याचं कारण पाळीपुरतं नसतं. वाऱ्याच्या बाजूचं दार उघडं आणि मागची भिंत बंद असली, की आत कोंडलेली हवा छताला आतून वर रेटते आणि वरून वाहणारा वारा त्याच पत्र्यांना ओढतो. पत्र्याची शेड बऱ्याचदा अशीच उडते. आम्ही पाळीला नायलॉनची दोरी घालून ती जमिनीतल्या कड्याला आवळली. विमान बांधायची अशी कडी दोनच होती. सेस्नाला तीन लागतात, दोन पंखांना आणि एक शेपटीला. शेपटीसाठी कडं नव्हतं, तेव्हा शेपूट भरलेल्या वाळूच्या पोत्यांना बांधली. ती सोय त्या वेळेपुरती.

पाऊस वीसेक मिनिटं झाला. तेवढ्यात जे कळलं, ते कोरड्या दिवशी दहा फेऱ्या मारून कळलं नसतं. रुळाच्या खाचेत पाणी भरलं आणि बाहेर जायच्या ऐवजी आत आलं, कारण फरशीचा उतार आतल्या बाजूला. दारापासून तीन-एक मीटरवर तळं साचलं, नेमकं नाकाच्या चाकाखाली. वर उजेडासाठी बसवलेल्या फायबरच्या पत्र्याच्या स्क्रूंचे रबरी वॉशर उन्हानं तडकले होते, आणि तिथून धार नव्हे, एकेक थेंब पडत होता. पडत होता डाव्या पंखावर, इंधनाच्या झाकणापासून हातभर अंतरावर.

या एका थेंबाकडे मी मालकांचं लक्ष मुद्दाम वेधलं. सेस्नाचं इंधनाचं झाकण पंखाच्या वरच्या पृष्ठभागावर असतं. त्याच्या रबरी रिंगला चीर पडली असेल, तर वर साचलेलं पाणी सावकाश टाकीत झिरपतं. पाणी एव्हगॅसपेक्षा, म्हणजे विमानाच्या पेट्रोलपेक्षा, जड, त्यामुळे ते तळाशी बसतं आणि तिथूनच इंजिनाकडे वाट आहे. 172 एसला थोडं इंधन काढून तपासायच्या 13 ड्रेन जागा आहेत, प्रत्येक पंखाखाली पाच आणि बॉडीखाली तीन. छताखाली ठेवलेलं विमान कोरडंच असणार, असं समजून या तेरांपैकी काही टाळल्या जातात. त्या दिवशी सगळ्या तपासल्या. इंधन निळं, स्वच्छ निघालं. थेंब नुकताच सुरू झाला होता म्हणून.

पाऊस थांबल्यावर मालकांनी विचारलं, "मग काय, सही करू की नको?"

"आज नको साहेब," मी म्हणालो. "जागा वाईट नाही. कामं करून घ्या आणि कागद दुरुस्त करा, मग करा."

कामांची यादी तिथल्या तिथे झाली. रूळ सरळ करून पाळी पूर्ण सरकवणं, कोन कापणं, कडीचं भोक नव्यानं पाडणं, रुळाच्या बाहेरून पन्हळ काढून पाण्याला वाट देणं, फायबरचे पत्रे वॉशरसकट बदलणं, शेपटीसाठी तिसरं कडं काँक्रीटमध्ये बसवणं. शेजारी ऊस होता. तोड सुरू झाली की उंदीर शेडकडे सरकतात, वायरींची आवरणं कुरतडतात, आणि त्यांच्या मुतानं ॲल्युमिनियम गंजतं. म्हणून दाराखालच्या फटीला रबरी पट्टी.

कागदाला जास्त वेळ लागला. 'विमान मालकाच्या जोखमीवर ठेवले जाईल' हे वाक्य बहुतेक करारात असतं आणि ते तसंच मान्य केलं तर पुढे फार महागात पडतं. इथे आणखी दोन विमानं आत राहणार होती. खालच्या पंखांचं पायपर विमान उंच पंखांच्या सेस्नाच्या पंखाखाली अर्धं सरकवतात, त्यामुळे मागचं काढायला पुढचं हलवावं लागतं. या हलवाहलवीत पंखांची टोकं आणि एलेरॉनच्या (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांच्या) कडा चेपतात. एलेरॉनची चेप नखाएवढी दिसली तरी ती पत्रा ठोकून भागत नाही. दुरुस्तीनंतर त्याचं वजन-संतुलन पुन्हा तपासावं लागतं, कारण बिघडलेल्या संतुलनानं वेगात ते फडफडायला लागू शकतं. म्हणून दोन वाक्यं घालून घेतली. हँगरच्या माणसांनी विमान हलवताना झालेली हानी हँगरचालकाची, आणि प्रत्येक हालचालीची वहीत नोंद, तारीख-वेळ-सहीसकट. शिवाय हँगरचालकाकडे 'हँगरकीपर्स लायबिलिटी', म्हणजे त्याच्याकडे ठेवलेल्या दुसऱ्यांच्या विमानांच्या हानीचा, विमा आहे का, आणि त्याची मर्यादा विमानाच्या किमतीला पुरते का, त्याची प्रत मागितली. आपल्या विमा कंपनीला न विचारता हँगरचालकावरचा दावा सोडून दिल्याचं लिहून देणं धोक्याचं आहे. भरपाईच्या वेळी कंपनी तेच वाक्य पुढे करू शकते. विमानाचा तळ बदलतो आहे, हेही तिला लेखी कळवलं.

जमीन हँगरचालकाची नव्हती, भाडेपट्ट्यानं घेतलेली होती. मूळ पट्टा कधी संपतो आणि पोटभाड्याला परवानगी आहे का, हे पाहिल्याशिवाय दोन वर्षांचं डिपॉझिट देणं चूक. भाड्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा धरायचा. आत इंधन भरणं-काढणं पूर्ण बंद, कारण एव्हगॅसची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाचेत, पन्हळीत साचून राहते.

बारा दिवसांनी पुन्हा गेलो. मोकळी रुंदी 12.20 भरली. कोन कापला होता, पाळी शेवटपर्यंत जात होती, रुळाच्या खाचेत बादलीभर पाणी ओतलं तर ते आत न येता बाहेरच्या पन्हळीत गेलं. माझी खडूची रेघ आता लागणार नव्हती, ती पावसानं अर्धी पुसलीही होती. जुन्या पिवळ्या रेघेवर मिस्त्रीनं नवा हात मारला आणि नाकाचं चाक जिथे थांबायचं तिथे आडवी पट्टी ओढली. रंग वाळेपर्यंत पिटो नळीचं, म्हणजे वेग मोजायच्या नळीचं, झाकण बघून घेतलं. त्याच्या लाल फितीच्या टोकाला कुंभारीण माशीनं मातीचा पहिला गोळा आणून लावला होता. तो काढला, आणि पंखाखालच्या इंधन व्हेंटच्या (टाकीत हवा जायच्या नळीच्या) तोंडात टॉर्च मारून तेही मोकळं असल्याची खात्री केली. मालकांनी सही संध्याकाळी केली.